मांजरवाल्यांचे मंडळ

चार मराठी माणसे परगावी एकत्र आली की पाचव्याची वाट न पाहता मंडळ स्थापन करतात, असे विनोदाने म्हटले जाते. आणि आपल्या इंदूरकडे पाहिले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. होळकरांच्या काळापासून येथे स्थिरावलेल्या आपल्या समाजाने साहित्य सभा काढली, ग्रंथालये चालविली, गणेशोत्सव, भजनी मंडळे, नाट्यसंस्था, महिला मंडळे आणि ज्येष्ठ नागरिकांचे संघ उभे केले. आपली ही डॉक्टरांची संस्थाही त्याच परंपरेतली. या मालिकेत आणखी एका मंडळाची भर पडावी, असा प्रस्ताव मी या लेखातून मांडीत आहे. ते मंडळ मांजरे पाळणाऱ्यांचे. वाचून काहींना हसू येईल, तर ते खुशाल हसावे. मधुमेह, रक्तदाब व तणावमुक्ती यांवरील लेख स्मरणिकेत दरवर्षी असतातच, आणि ते आपणच लिहितो व आपणच वाचतो. यंदा एक पान मांजराला दिल्याने रुग्णांचे नुकसान होणार नाही. उलट काहींचा लाभच होईल, असे मला वाटते. तो कसा, हे पुढे येईलच.

कुत्रे पाळणाऱ्यांना मंडळ काढावे लागत नाही. ते त्यांच्या कुत्र्यांनीच काढून दिलेले असते. सकाळी सहाला साखळी हातात धरून बाहेर पडलेले दोन गृहस्थ, परस्परांचे नाव ठाऊक नसले तरी परस्परांच्या कुत्र्यांची नावे जाणून असतात. कोणता पशुवैद्य रात्री फोन उचलतो, लस कोठे मिळते, सुटीत कुत्रा कोणाकडे ठेवावा, ही सर्व माहिती बागेच्या कडेला उभ्याउभ्या मिळते. मांजराचे तसे नाही. मांजर फिरायला नेता येत नाही. ते स्वतःच फिरायला जाते, आणि कोठे जाऊन आले हे सांगत नाही. त्यामुळे एकाच इमारतीत तिसऱ्या व पाचव्या मजल्यावर मांजरे असलेली दोन कुटुंबे आठ-आठ वर्षे एकमेकांना अपरिचित राहतात. मांजर पाळणारा माणूस समाजात असूनही या एका बाबतीत एकटा असतो. म्हणून त्याचे मंडळ आपोआप होत नाही, ते मुद्दाम करावे लागते.

या विषयाकडे मी वळलो तो निव्वळ मार्जारप्रेमापोटी नव्हे. दवाखान्यात वारंवार कानी पडणाऱ्या एका प्रश्नाने मला तिकडे वळविले. आपल्या समाजातील किती घरांत आज केवळ सत्तरीपुढची माणसे उरली आहेत, हे या संस्थेतील प्रत्येकास ठाऊक आहे. मुले पुण्यात, बंगळूरमध्ये किंवा अमेरिकेत; दोघांपैकी एक जोडीदार निवर्तलेला; आणि घरात बोलायला एक मांजर. अशाच एका बाई माझ्याकडे येत. त्यांना मोतीबिंदू नव्हता की गुडघेदुखी नव्हती, की जी गोष्ट पुढच्या महिन्यावर ढकलता येईल. छातीत दुखत होते, आलेख बदललेला होता, तत्काळ दाखल होणे आवश्यक होते. त्या शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, उद्या सकाळी नक्की येते. आज रात्री मनीला कोण पाहील?” ही सबब नव्हती, की भीतीही नव्हती. तो व्यवहारातला साधा प्रश्न होता आणि त्याला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. शेजारच्या सदनिकेत कोण राहते हे त्यांना ठाऊक नव्हते. पुण्याची मुलगी फोनवर सांगत होती, “आई, मांजराचं काय घेऊन बसलीस!” हृदयाच्या स्नायूला रक्त पोहोचण्याच्या बाबतीत एका रात्रीचे मोल काय असते, हे येथे सांगण्याची गरज नाही. अखेर आमच्या परिचारिकेने किल्ली घेतली आणि पुढचे सहा दिवस ती येता-जाता मनीला खाऊ घालीत राहिली. सर्वांनाच अशी परिचारिका लाभत नाही.

तेव्हापासून एकट्या राहणाऱ्या वृद्ध रुग्णांना मी विचारू लागलो, की घरी कोणी जनावर आहे काय. आश्चर्य वाटावे इतक्या वेळा उत्तर ‘हो’ असे येते. शस्त्रक्रियेची तारीख दोनदा-तीनदा पुढे ढकलणारा, मुलाकडे चार महिने राहायला जाण्यास नकार देणारा, दाखल झाल्यावर तिसऱ्याच दिवशी स्वतःच्या जबाबदारीवर घरी जाण्याचा हट्ट धरणारा रुग्ण पुष्कळदा हट्टी नसतो. त्याच्या घरी कोणीतरी दाराकडे डोळे लावून बसलेले असते. 2007 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ऑस्कर नावाच्या बोक्यावर एक लेख आला होता, तो आपल्यापैकी काहींना आठवत असेल. अमेरिकेतील एका शुश्रूषागृहातील हा बोका अंत जवळ आलेल्या रुग्णाच्या शेजारी जाऊन बसे. त्या लेखाची चर्चा फार झाली. रुग्णालयात न आलेल्या, घरीच राहिलेल्या मांजराने रुग्णाचे काय होते, याची चर्चा मात्र फारशी ऐकू येत नाही.

आपल्याकडे मांजर ‘पाळण्याची’ पद्धत खरे तर नव्हतीच. मांजर घरात असे, एवढेच. रामबाग-नारायण बागेकडील जुन्या घरांत माळ्यावर, कोठीत, स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर त्याची ये-जा चाले. ते या घरी दूध पिई, त्या घरी पिल्ले घाली आणि तिसऱ्याच घरच्या लहानग्याच्या पांघरुणात झोपे. त्याचा मालक कोण, असा प्रश्न कोणी विचारीत नसे. आपल्या म्हणींतही ते असेच वावरते. शिंके तुटले की बोक्याचे फावते, दोन बोक्यांच्या भांडणात लोणी माकड खाते. तत्त्वज्ञानानेही त्याला सोडले नाही: भक्ताने देवाला घट्ट धरावे की देवाने भक्ताला उचलून न्यावे, या वादात एका पक्षाने माकडाचे पिल्लू पुढे केले तर दुसऱ्याने मांजरीचे. मांजर मारण्याचे पाप फेडण्यासाठी सोन्याचे मांजर दान करण्याची समजूत उत्तरेत इतकी रुजलेली, की भगवतीचरण वर्मांनी तिच्यावर ‘प्रायश्चित’ ही हिंदीतील प्रसिद्ध कथा लिहिली. थोडक्यात, मांजराला मारायचे नाही, हे आपण पक्के ठरविले होते. सांभाळायचे कोणी, हे मात्र ठरविण्याची कधी वेळच आली नाही.

ती वेळ आता आली आहे. वाडे पडले, त्यांच्या जागी सदनिका झाल्या. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, ते 2004 साली प्रसिद्ध झाले. इतका जुना सहवास असूनही मांजर माणसाइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, जागेला चिकटून असते. वाडा पडला की माणसे नव्या घरी जातात आणि मांजर त्याच ढिगाऱ्याभोवती घुटमळते. शिवाय 2017 पासून आपले शहर स्वच्छतेत देशात अग्रक्रमाने गणले जाऊ लागले. कचराकुंड्या हटल्या, कचरा दारातून गाडीत जाऊ लागला. हे उत्तमच झाले. पण ज्या उकिरड्यांवर उंदीर पोसले जात आणि उंदरांवर मांजरे, ते गेले. तेव्हा सर्व घरांचे मिळून असलेले मांजर आता कोणाचेच राहिलेले नाही.

अशा मंडळाचे स्वरूप काय असावे, याबाबत इतिहासातील एक दाखला उपयोगी पडेल. 13 जुलै 1871 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन विअर या चित्रकाराने मांजरांचे मोठे प्रदर्शन भरविले. उपेक्षित प्राण्याकडे लोकांचे लक्ष जावे, हा त्यांचा हेतू. 1887 साली तेथे ‘नॅशनल कॅट क्लब’ स्थापन झाला आणि विअर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. थोड्याच वर्षांत ते त्यातून बाहेर पडले, कारण सभासदांना मांजरांच्या हितापेक्षा बक्षिसे जिंकण्यातच अधिक रस असल्याचे त्यांना दिसून आले. मांजरांच्या हिताचे काम करणारी निराळी संस्था, ‘कॅट्स प्रोटेक्शन लीग’, ब्रिटनमध्ये 1927 साली निघाली. आपल्याकडेही आता लांब केसांची पर्शियन मांजरे विकत आणण्याची टूम आहे. त्यांच्या मालकांनी मंडळात अवश्य यावे. पण ‘सर्वांत सुंदर मांजर’ अशी स्पर्धा पहिल्याच वर्षी भरविली, तर मनीच्या रात्रीच्या जेवणाचा प्रश्न सुटायचा नाही.

आमच्या वसाहतीतील पाच घरांनी गेली दोन वर्षे एक साधी व्यवस्था चालविली आहे, तिच्या आधारे काही सांगतो. आम्ही घटना लिहिली नाही, अध्यक्ष निवडला नाही, वर्गणीही ठरविली नाही. 1973 च्या मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली संस्था नोंदविता येते, परंतु ज्या मंडळाचे पहिले वर्ष पदाधिकाऱ्यांच्या निवडीत जाते, त्याचे दुसरे वर्ष बहुधा येत नाही. आम्ही केले ते इतकेच: प्रत्येक मांजराचे एक कार्ड. नाव, वय, लसीकरणाची तारीख, निर्बीजीकरण झाले की नाही, काय खाते, कोणते औषध चालू आहे, कोणाकडे उपचार होतात, भ्याल्यावर कोठे लपते. शेवटची नोंद क्षुल्लक वाटेल, पण परक्या माणसाने दार उघडताच मांजर कपाटामागे गडप होते, आणि ते घरात आहे की निसटले याचा उलगडा न झाल्याने शेजारीण रात्रभर जागते. कार्डाबरोबर घराची एक जादा किल्ली जोडीदार घरी ठेवायची. वृद्ध सभासदांना दोन जोडीदार घरे, कारण एक जोडीदार गावाला गेला असता दुसरा असावा.

मांजराला शक्यतो त्याच्याच घरी खाऊ घालावे, जोडीदाराने आपल्या घरी नेऊ नये. यामागे केवळ हौस नाही. नव्या जागी मांजर अन्न सोडते. आणि मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, काही दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडते. माणूस रुग्णालयातून बरा होऊन परततो आणि मांजर गेलेले असते, असे यातूनच घडते. म्हणून ही व्यवस्था अडचणीच्या दिवशी प्रथमच वापरू नये. आम्ही तिची तालीम दिवाळीच्या सुटीत करतो. कोणी ना कोणी गावी जातेच. जोडीदार दोनदा येऊन पाहून जातो, मांजराला त्याच्या पावलांची ओळख होते, फटाक्यांच्या रात्री ते कोठे दडते हेही कळते. एरवी न्यायची टोपली वर्षभर उघडी, आत जुने फडके घालून घरातच ठेवावी. वर्षातून एकदाच, आणि तीही टोचून घेण्यासाठी, बाहेर येणाऱ्या टोपलीत कोणते मांजर आपण होऊन जाईल?

मंडळाचे दुसरे काम निर्बीजीकरणाचे, आणि ते टाळून चालणार नाही. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. तिच्यात बीजमोचन समागमानेच होते, त्यामुळे गर्भ राहण्याचे प्रमाण मोठे. गर्भकाळ नऊ आठवड्यांचा. आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. एका मायाळू घराच्या जिन्याखाली दोन वर्षांत काय होईल, याचा हिशेब वाचकांनी स्वतः करावा. त्या हिशेबाचा शेवट प्रेमाने होत नाही. तो पोत्यात भरून दूर नेऊन सोडलेल्या पिल्लांनी होतो, आणि जनावर उपाशी मरेल अशा रीतीने टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. 2001 चे केंद्रीय नियम नावानेच कुत्र्यांसाठी होते. मार्च 2023 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. त्यांत वसाहतीतील जनावरांना खाऊ घालण्याच्या जागा व वेळा रहिवाशांच्या संघाने ठरवून द्याव्यात, अशी तरतूद आहे. शेजाऱ्यांशी होणारी निम्मी भांडणे तिच्या आधारे मिटू शकतात. शस्त्रक्रियेसाठी शहरात खासगी पशुवैद्यक आहेत, आणि महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर 1955 पासूनचे, आपल्या दारातच आहे. खर्च पाच घरांत वाटला तर जाणवत नाही. बाहेरच्या मांजरांना पिंजऱ्यात धरून, शस्त्रक्रिया करून, कानाचे टोक किंचित कापून पुन्हा त्याच जागी सोडावे. कापलेला कान दुरून दिसतो व तेच मांजर दुसऱ्यांदा भुलीखाली जात नाही.

आता आपल्या व्यवसायबंधूंचे आक्षेप. पहिला रेबीजचा, आणि तो शिरोधार्यच आहे. ‘मांजरच तर आहे’ असे म्हणून जखमेवर हळद दाबणारे रुग्ण आजही येतात. मांजराचा चावा वा रक्त काढणारा ओरखडा आणि कुत्र्याचा चावा यांत उपचाराच्या दृष्टीने भेद नाही: पंधरा मिनिटे साबण व वाहते पाणी, लस, आणि तिसऱ्या वर्गाच्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. ओळखीच्या, लसीकरण झालेल्या मांजरावर दहा दिवस नजर ठेवता येते. अनोळखी मांजराच्या बाबतीत ती सोय नसते. म्हणजे मंडळाचे कार्ड येथेही कामास येते. बाहेरची मांजरे धरणाऱ्या सभासदांनी प्रतिबंधक लस आधीच घ्यावी. हाताच्या बोटांवरील चाव्याबाबत आणखी एक: मांजराचे दात सुईसारखे असल्याने वरून जखम टिचभर दिसते आणि पास्चुरेला जंतू खोल स्नायुबंधाच्या आवरणापर्यंत पोहोचलेले असतात. अशा रुग्णास केवळ मलम देऊन घरी पाठवू नये.

दुसरा आक्षेप गर्भवतीच्या संदर्भात येतो. सून गरोदर राहिली की मांजराची रवानगी करण्याचा सल्ला पुष्कळदा आपल्याकडूनच जातो. टॉक्झोप्लाझ्माचे बीजाणू मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, प्रथम संसर्गानंतर एक ते तीन आठवडे, विष्ठेतून टाकते. ते संसर्गक्षम होण्यास निदान एक दिवस लागतो. तेव्हा विष्ठेची पेटी रोजच्या रोज घरातील दुसऱ्या कोणी स्वच्छ केली, भाज्या नीट धुतल्या, मांस पूर्ण शिजविले आणि बागेत हातमोजे वापरले, तर मांजर घरात राहू शकते. दमा वा तीव्र अॅलर्जी असणाऱ्याची गोष्ट वेगळी. मांजराच्या लाळेतील व त्वचेतील प्रथिन घरभर पसरते आणि मांजर गेल्यावरही महिनोन्महिने टिकते. तेथे मी मांजराची बाजू घेणार नाही. मंडळाने त्याला दुसरे घर शोधून द्यावे.

आणि दोन गोष्टी आपल्याच घरांविषयी. डॉक्टरांच्या घरी औषधांचे नमुने विखुरलेले असतात. मांजराच्या यकृतात पॅरासिटामोलचा निचरा करणारी यंत्रणा जवळजवळ नाही. ताप आला म्हणून प्रेमाने दिलेली 500 मिलिग्रॅमची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. खरजेवर आपण सर्रास लिहून देतो ते पर्मेथ्रिनही त्याला विषच. दुसरी गोष्ट आपल्या शाकाहारी स्वयंपाकघराची. दूधपोळीवर मांजर वाढविल्याचा अभिमान मी अनेक घरांत ऐकला आहे. टॉरिन हे द्रव्य मांजराला स्वतः पुरेसे बनविता येत नाही, ते मांसातूनच मिळावे लागते; त्याच्या अभावी दृष्टिपटल क्षीण होते, आणि हृदय फुगून निकामी होते हे 1987 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिले. दूधही मोठ्या मांजरांना बहुधा पचत नाही. वाड्यातले मांजर दूधपोळीवर जगत नव्हते, ते उंदरांवर जगत होते. दूधपोळी हा वरचा पाहुणचार होता. सदनिकेतील मांजराला उंदीर मिळत नाहीत. घरात सामिष चालत नसेल तर मांजरासाठी तयार मिळणारे सुके खाद्य निराळ्या डब्यात ठेवावे. आमच्या पाच घरांपैकी एका घरी सोवळ्याचा विचार होता. तेथील काकूंनी डबा सज्जात ठेवण्याची तोड काढली आणि वाद संपला.

एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. मंडळ निघाल्याची वार्ता पसरली की लोक रात्री खोक्यांतून पिल्ले आणून दाराशी ठेवू लागतात. सभासदही भिडेपोटी घेत राहतात. तीन मांजरांचे घर अकरांचे होते, दुर्गंधी येते, शेजारी तक्रार करतात आणि चांगल्या हेतूने निघालेले मंडळ मोडते. आम्ही ठरविले आहे, की कोणत्याही घराने जोडीदारांना विचारल्याशिवाय नवे मांजर घ्यायचे नाही. हा नियम कठोर आहे आणि तो पाळताना एक-दोनदा डोळ्यांत पाणी आले आहे. पण ज्या मांजरांची किल्ली आपल्यापाशी आहे, त्यांचे देणे आधीचे.

आपल्या संस्थेकडे मी फार काही मागत नाही. दाखल करतानाच्या कागदावर ‘घरी सांभाळायचे कोणी जनावर आहे काय, व त्याची व्यवस्था कोणाकडे’ ही एक ओळ वाढवावी. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर हा प्रश्न आधीच्या भेटीतच विचारावा. ज्यांच्या दवाखान्यात सूचनाफलक आहे, त्यांनी आपापल्या भागातील इच्छुक घरांची नावे घेण्यासाठी एक कोरा कागद तेथे लावावा. नावे पाच झाली की एका रविवारी दुपारी कोणाच्या तरी दिवाणखान्यात बसावे. चहा असावा, भाषण नसावे. येताना लसीकरणाचे कागद आणि जादा किल्ली आणावी. मांजरे मात्र कृपया घरीच ठेवून यावीत. त्यांना सभा आवडत नाहीत.